पाच लड्या आणि सहावी : हाताने रंगवलेल्या लोकरीच्या खरेदीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनपासून तासाभराच्या अंतरावरील एका गावात लोकरीचे एक लहानसे दुकान आहे. तेथे मी दर शनिवारी काम करते. पुढे दिलेला प्रसंग त्याच दुकानात घडला आणि त्यातील एका चुकीत माझाही वाटा आहे, त्यामुळे तो मला त्रयस्थाच्या भूमिकेतून लिहिता येणार नाही. दुकानाचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. ज्या बाईंभोवती हे प्रकरण फिरते त्यांना मी दुकानात ‘काकू’ म्हणत असे, येथेही तसेच म्हणेन.

काकू पुण्याच्या, वय पासष्टच्या पुढचे. मुलीकडे राहायला आल्या होत्या आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत जाणार होत्या. मुलीला आईच्या हातचा, समोरून उघडणारा, लांब बाह्यांचा स्वेटर हवा होता आणि रंग मोरपंखीच हवा होता. काकूंनी पन्नास वर्षे घरातल्या प्रत्येकासाठी विणले होते, पण ते सारे बाजारात तयार गुंड्यांत मिळणाऱ्या ॲक्रिलिकचे. आपल्याकडे ॲक्रिलिकलाही लोकरच म्हणत असल्यामुळे मेंढीची लोकर हाताळण्याचा प्रसंग आपल्यावर फारसा आलेलाच नाही, हे त्यांच्या कधी ध्यानात येण्याचे कारण नव्हते.

हाताने रंगवलेल्या लोकरीचा व्यवहार कसा चालतो, ते येथे थोडक्यात सांगायला हवे. कारखान्यात एका वेळी पुष्कळ माल रंगतो आणि वेष्टनावर लॉटचा क्रमांक छापलेला असतो. घरच्या किंवा लहान कार्यशाळेतील रंगकाम मात्र पातेल्यात होते. एका पातेल्यात चार ते सहा लड्या, म्हणजे धाग्याची मोठी वेटोळी, बसतात, पाण्यात व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड घालून ते उकळीच्या अलीकडे तापवतात, आणि रंग लोकरीत शिरून पाणी नितळ होईपर्यंत वाट पाहतात. भज्यांचा पहिला घाणा आणि तिसरा घाणा जसा सारखा उतरत नाही, तसेच येथेही होते: रंगाचे नाव तेच, कृती तीच, हात तोच, तरी दोन घाण्यांतल्या लड्या शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. मोरपंखीच्या बाबतीत तो जास्तच दिसतो, कारण त्यातला निळा-हिरवा रंग लोकरीत फार सावकाश शिरतो. लाल रंग झटकन धरतो, हा रेंगाळतो. आच थोडी लवकर बंद झाली की घाणा फिका उतरतो आणि न शिरलेला रंग पुढे धुण्यात सुटतो.

खरेदीचा दिवस

जून महिन्यातला शनिवार होता. दुकानात खिडकीशी एक जुना सोफा आहे, कोपऱ्यात किटली असते, आणि मालकीणबाई आलेल्या प्रत्येकाला आधी बसवतात व नंतर काय हवे ते विचारतात. काकूंना इंग्रजी समजत होते, बोलायला मात्र संकोच वाटे. त्यांनी भिंतीवरच्या लड्यांवरून उलट्या हाताने, साडीचा पोत पाहावा तसा, हात फिरवला आणि मोरपंखी लडीपाशी थांबल्या.

पहिला घोळ सुयांचा झाला. विमानात अडवतील या भीतीने काकूंनी आपल्या सुया पुण्यातच ठेवल्या होत्या. त्यांनी ‘आठ नंबर’ मागितल्या. मालकीणबाईंनी आठ नंबर दिल्या. आपल्याकडे अजून जुन्या ब्रिटिश पद्धतीचे क्रमांक चालतात, त्यात आकडा वाढतो तशी सुई बारीक होते आणि आठ नंबरची सुई ४ मिलिमीटरची असते. अमेरिकेत आकड्याबरोबर सुई जाड होते, तिथली आठ नंबर ५ मिलिमीटरची असते. काकूंनी सुई बोटांत धरली मात्र आणि म्हणाल्या, ‘अगं, ही आठ नाही. ही सहा आहे.’ अगदी बरोबर होते ते. मी त्यांना अमेरिकन सहा नंबर काढून दिल्या, ज्या खरोखर ४ मिलिमीटरच्या असतात, आणि या उलटसुलट सहा-आठवर आम्ही तिघीचौघी मनसोक्त हसलो. हा घोळ मी मुद्दाम सांगते, कारण तो हाताला कळला म्हणून तिथल्या तिथे मिटला. पुढचा हाताला कळण्यासारखा नव्हता.

प्रश्न होता किती लड्या घ्यायच्या याचा. काकूंचा हिशेब वजनात होता: मध्यम बांध्याच्या बाईचा पुऱ्या बाह्यांचा स्वेटर म्हणजे अर्धा किलो. एक लडी १०० ग्रॅमची, म्हणून पाच. मालकीणबाईंनी लडीवरची चिठ्ठी दाखवून लांबीचा हिशेब मांडला: एका लडीत २१० मीटर, अशा मापाला साधारण १२०० मीटर धागा लागतो, म्हणून सहा घ्या. दोन्ही हिशेब आपापल्या जागी खरे होते. ॲक्रिलिक लोकरीपेक्षा हलके असते. लोकरीची घनता १.३ च्या आसपास, तर ॲक्रिलिकची १.१७ च्या जवळ. त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या धाग्यात अर्ध्या किलोमागे ॲक्रिलिकची लांबी बरीच जास्त भरते, आणि काकूंचे पन्नास वर्षांचे गणित त्या जास्तीच्या लांबीवर बसलेले होते.

त्या दिवशी भिंतीवर एकाच घाण्यातल्या नेमक्या सहा लड्या होत्या. किंमत लडीला ३२ डॉलर. काकूंनी मनातल्या मनात रुपये केले, ते चेहऱ्यावर दिसले. मुलीकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, ‘दुकानदार एक जास्तच सांगणार. एका लडीच्या पैशात तिकडे अख्खा स्वेटर होतो.’ मुलगी म्हणाली, ‘आई, तुला जे वाटतं ते.’ मी गल्ल्यापाशी उभी होते आणि हे सारे ऐकत होते.

येथे मी एक वाक्य बोलायला हवे होते. न गुंडाळलेली लडी तीस दिवसांच्या आत परत घेतली जाते, हा दुकानाचा नियम आहे. तो गल्ल्यामागच्या पाटीवर इंग्रजीत लिहिलेला होता, मालकीणबाईंनी तो ओघात सांगितलाही होता, पण मुलीने तो काकूंपर्यंत पोहोचवला नाही आणि मीही पोहोचवला नाही. आपल्याच माणसाला, तेही वडीलधाऱ्या बाईला, जास्तीचा माल गळ्यात मारतो आहोत असे दिसेल, या भिडेने मी गप्प राहिले. पाच लड्यांचे बिल झाले.

त्यानंतर आणखी एक गोष्ट झाली, जी तेव्हा निव्वळ आदरातिथ्य वाटली. लडी म्हणजे मोठे वेटोळे. ते तसेच विणायला घेतले तर गुंता होतो, म्हणून आधी गुंडाळावे लागते. दुकानात त्यासाठी छत्रीसारखी उघडणारी लाकडी फिरकी आणि हाताने फिरवायचे यंत्र आहे. काकूंनी लहानपणी आईसाठी दोन हातांवर लडी ताणून तासन् तास उभे राहिल्याची आठवण सांगितली, आणि मालकीणबाईंनी कौतुकाने पाचही लड्या एकामागून एक गुंडाळून दिल्या. त्यामुळे पाचांपैकी एकही परत देण्याजोगी राहिली नाही. नमुन्याचा चौकोनी तुकडा आधी विणून, धुऊन, मगच मापे घ्या, असेही मालकीणबाईंनी सांगितले होते. काकूंनी मान डोलावली. तुकडा त्यांनी विणला नाही. ‘माझा टाका मला ठाऊक आहे’ हे त्यांचे म्हणणे खरे होते, पण ही लोकर त्यांना ठाऊक नव्हती.

अडचण

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काकू पिशवी घेऊन आल्या. पाठ, पुढचे दोन भाग आणि एक बाही पूर्ण झाली होती. दुसरी बाही मनगटापासून वर विणत आणलेली होती, काखेपर्यंत पोहोचली होती, आणि धागा वीतभर उरला होता. बाहीचा वरचा गोल भाग, बटणपट्टी आणि गळपट्टी राहिली होती. तयार बाही आम्ही काट्यावर ठेवली: १०० ग्रॅम. अपुरी ८० ग्रॅम. पट्ट्यांना ४५ ग्रॅम धरले तर एकूण ६५ ग्रॅमची तूट होती.

सहावी लडी केव्हाच विकली गेली होती. भिंतीवर त्याच नावाच्या, जुलैत आलेल्या नव्या घाण्यातल्या लड्या होत्या. काकूंनी एक उचलून बाहीला लावली, दारापर्यंत नेऊन उजेडात पाहिली, आणि काहीच न बोलता परत आणून टेबलावर ठेवली. नवी लडी गडद होती आणि तिच्यात हिरवा कमी होता.

समोर असलेले पर्याय

सोफ्यावर बसून आम्ही चौघींनी जे पर्याय काढले, ते सगळे सारख्या वजनाचे नव्हते.

सर्वांत सोपा पर्याय काकूंनीच सुचवला: उरलेला भाग नव्या लडीने सरळ विणून टाकायचा. ‘काखेच्या वर तर आहे, कोण बघतंय!’ मालकीणबाईंनी फोनवर बाही आणि लडी यांचा काळा-पांढरा फोटो काढून दाखवला. रंग काढून घेतला की फिकेगडदपणा उघडा पडतो. फोटोत जुनी लोकर राखाडी आणि नवी जवळजवळ काळी दिसत होती. दंडावर आडवी रेघ आली असती, तीही एकाच बाहीवर. फोटो पाहिल्यावर हा पर्याय काकूंनीच मागे घेतला.

दुसरा पर्याय बाह्या पाऊण करण्याचा होता. दोन्ही उसवून आखूड केल्या तर जुन्याच लोकरीत सगळे बसले असते. हिशेबाने हा सर्वांत सुरक्षित मार्ग होता, परंतु स्वेटर मॅसॅच्युसेट्सच्या थंडीसाठी होता आणि मुलीने पुऱ्या बाह्या मागितल्या होत्या. तिसरा, सगळ्या पट्ट्या आणि मनगटाच्या बॉर्डरी वेगळ्या रंगात करण्याचा. मला स्वतःला हा आवडला होता, मोरपंखीला जांभळ्या काठाची कल्पना पैठणीमुळे आपल्या डोळ्यांना ओळखीची आहे. मुलीला मात्र काठ नको होता, आणि बाहीच्या वरच्या भागाचा प्रश्न त्यानेही पुरता सुटत नव्हता.

रंगवणाऱ्या बाईंना जुन्या घाण्याच्या जवळ जाणारी एक लडी मुद्दाम करून मागता आली असती. त्यांनी तयारी दाखवली, पण सहा आठवडे लागतील आणि तंतोतंत जुळेल असे सांगता येणार नाही, हेही स्पष्ट केले. काकूंच्या हातात चार आठवडे होते. विणकरांच्या ‘रॅव्हलरी’ या २००७ पासून चालणाऱ्या संकेतस्थळावर लोक आपल्याकडे शिल्लक पडलेल्या लोकरीची नोंद ठेवतात. तेथे या नावाची एक लडी सापडली, परंतु ती कोणत्या घाण्यातली हे तिच्या मालकिणीलाही सांगता येईना. तो नाद आम्ही सोडला.

उरला तो विणकरांना सर्वाधिक नकोसा मार्ग: झालेले उसवायचे आणि दोन्ही घाणे एकमेकांत मिसळून पुन्हा विणायचे.

केलेली कृती

निर्णय काकूंनी घेतला, आणि तो घेताना त्यांनी जे सांगितले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पुण्यात लोकर घेताना त्या दुकानदाराला पहिला प्रश्न कोणता विचारतात? ‘उरली तर परत घ्याल ना?’ आणि दुसरा, ‘याच लॉटचे दोन गुंडे बाजूला ठेवाल का?’ हे विचारताना त्यांना कधी लाज वाटलेली नाही, दुकानदारालाही त्यात काही वावगे वाटत नाही. ‘इथे मात्र त्या इतक्या गोड बोलत होत्या, चहा दिला, हाताने गुंडाळून दिलं. त्यांना आणखी काय विचारायचं, असं झालं.’ म्हणजे गल्ल्याच्या दोन्ही बाजूंना भीडच उभी होती, काकूंची दुकानदाराबद्दलची आणि माझी काकूंबद्दलची. दुकान तिरसट असते तर काकूंनी खडसावून सगळे विचारून घेतले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मालकीणबाईंनी नव्या लडीचे पैसे अर्धेच घ्यायचे ठरवले. काकूंनी पूर्ण दिले. त्यानंतर गणित मांडले. दोन्ही बाह्यांतली जुनी लोकर उसवून १८० ग्रॅम मिळणार, नवी १०० ग्रॅम. पट्ट्या आणि मनगटाच्या बॉर्डरी जुन्याच लोकरीत करायच्या, म्हणजे चेहऱ्याजवळ आणि हातांजवळ, जिथे नजर जाते, तिथे रंग अंगाशी जुळेल. त्याला ६५ ग्रॅम लागणार. दोन्ही बाह्यांचा उरलेला १८० ग्रॅमचा भाग दोन सुया (म्हणजे दोन ओळी) जुनी, दोन सुया नवी असा विणायचा, म्हणजे दोन्ही लोकरी ९०-९० ग्रॅम लागतील. नवीतले १० आणि जुनीतले २५ ग्रॅम उरतील. हे गणित काकूंनी बिलाच्या पाठीवर मराठी आकड्यांत लिहिले आणि मालकीणबाईंनी ते न वाचता येऊनही गल्ल्याच्या बाजूला चिकटवून ठेवले.

काकूंच्या जुन्या पद्धतीचा येथे फायदा झाला. हल्ली इकडे स्वेटर गोल सुईवर, गळ्यापासून खाली, एकसंध विणण्याची पद्धत रूढ आहे. काकू पाठ, पुढचे भाग, बाह्या वेगळ्या विणून शेवटी शिवतात. सपाट विणताना दर दोन सुयांनी धागा बदलला की तो कडेने वर चढवता येतो आणि चढलेला धागा शिवणीत नाहीसा होतो. इथल्या गुरुवारच्या विणकाम मंडळात या शिवणींची थोडी चेष्टा झाली होती, त्या मंडळातल्या दोघी नंतर काकूंकडून शिवण शिकून गेल्या.

उसवलेला धागा मात्र नागमोडी होतो. तो तसाच विणला तर टाके वेडेवाकडे दिसतात, म्हणून काकूंनी त्याच्या पुन्हा लड्या केल्या (स्वयंपाकघरातल्या खुर्चीच्या पाठीवर, फिरकीशिवाय), चार ठिकाणी सैल गाठी बांधून कोमट पाण्यात भिजवल्या आणि सावलीत टांगल्या. पाणी निळे झाले. काकू घाबरल्या, त्यांनी रात्री मला फोन केला. रंग लोकरीवर नुसता बसलेला असेल तर पुन्हा आच आणि आंबट पाणी दिल्याने बराचसा आत शिरतो, म्हणून दुसऱ्या दिवशी लोकरीसाठी म्हणून वेगळे ठेवलेले दुकानातले मोठे पातेले आम्ही वापरले. जुन्या आणि नव्या दोन्ही लड्या व्हिनेगरच्या पाण्यात, न उकळू देता, अर्धा तास ठेवल्या आणि त्याच पाण्यात थंड होऊ दिल्या. आच वाढवून मग एकदम गार पाण्यात टाकणे टाळले, कारण तशाने लोकर आटण्याचा धोका असतो.

निष्पत्ती

दोन्ही बाह्या अठरा दिवसांत पुन्हा झाल्या. त्या अंगापेक्षा किंचित गडद आहेत, परंतु दोन्ही सारख्याच गडद असल्यामुळे ते ठरवून केल्यासारखे दिसते. हातभर अंतरावरून दोन-दोन ओळींचा फरक दिसत नाही, अगदी डोळ्यांजवळ नेला तर पाण्यावरच्या बारीक लहरींसारखा दिसतो.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. ही लोकर यंत्रात धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली होती. अशा लोकरीच्या तंतूंवरचे खवले काढून किंवा झाकून टाकलेले असतात, त्यामुळे ते एकमेकांत अडकत नाहीत आणि सहसा आटत नाहीत, पण त्याच कारणाने वीण ओली झाली की सैलावून लांबते. शिवण्यापूर्वी काकूंनी सगळे भाग धुऊन पसरले तेव्हा बाह्या इंचभर लांब झालेल्या आढळल्या. पुन्हा उसवायला वेळही नव्हता आणि काकूंची इच्छाही नव्हती. मनगटाची बॉर्डर दुमडून घालावी लागते. मुलगी म्हणते की थंडीत बरेच पडते. ते तिचे आईवरचे प्रेम आहे की खरेच सोय आहे, हे मी विचारले नाही.

वेगळे काय करता आले असते

नमुन्याचा तुकडा हा पहिला मुद्दा कोणीही काढेल आणि तो योग्यच आहे. धुतलेला तुकडा असता तर बाह्यांचा इंच टळला असता. पण ६५ ग्रॅमची तूट तुकड्याने टळली नसती. ती गल्ल्यापाशी, दोन मिनिटांत टाळता आली असती. सहावी लडी घेऊन न गुंडाळता ठेवली असती तर या प्रकरणात लिहिण्यासारखे काही उरलेच नसते.

लड्या गुंडाळून देण्याच्या आमच्या पद्धतीबद्दल माझे आणि मालकीणबाईंचे अजून एकमत नाही. त्यांच्या मते पाचही लड्या एकदम उघडून पाहिल्याने मधली गाठ, तुटलेला धागा किंवा फिका पट्टा वेळीच लक्षात येतो, आणि हे खोटे नाही. माझे म्हणणे असे की लड्या तिढा सोडून शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तरी बहुतेक दोष दिसतात. दोनच गुंडाळाव्यात, बाकीच्यांचा परतीचा रस्ता बंद करू नये. सध्या आम्ही गिऱ्हाइकाला विचारतो. बहुतेक जण ‘सगळ्याच करा’ म्हणतात, कारण यंत्र फिरताना पाहायला मजा येते.

एकाच घाण्यातल्या लड्या असल्या तरी सुरुवातीपासूनच दोन लड्या आलटूनपालटून विणाव्यात, हा सल्ला अनुभवी विणकर देतात. काकूंनी पाठीपासून तसे केले असते तर तूट तेवढीच आली असती, पण नवी लडी पोटात घेणे सोपे गेले असते. माझ्या मते साध्या एकरंगी दिसणाऱ्या लोकरीसाठी प्रत्येक वेळी एवढा खटाटोप करायची गरज नाही, मोरपंखी, जांभळा अशा रेंगाळणाऱ्या रंगांसाठी जरूर करावा.

माझ्यापुरते सांगायचे तर परतीच्या नियमाची एक चिठ्ठी मी मराठीत लिहून गल्ल्याखाली ठेवली आहे. आमच्या भागात मुलांकडे राहायला येणाऱ्या आया-सासवा बऱ्याच आहेत, आणि दुपारच्या वेळी त्या दुकानात येतात. गेल्या महिन्यात काकूंचा पुण्याहून फोन आला होता. उरलेले २५ ग्रॅम त्यांनी जाताना मुलीच्या कपाटात, लडीवरच्या चिठ्ठीसकट, ठेवले आहेत आणि कोपर झिजले तर त्यातूनच रफू करायचे असे बजावले आहे. नव्या लडीतले १० ग्रॅम कुठे गेले, असे मी विचारले. त्याचे त्यांनी नातवाच्या चावीला गोंडे केले होते.